करडईच्या तेलाची वडी आणि शंभर चौरस मीटर जागा

साबणाचा परवाना हातात आला त्याला वर्ष होऊन गेलं. एवढ्या दिवसांत निदान पंधरा-वीस जणींनी फोन करून विचारलं, "ताई, घरी साबण करते, लोक मागतात, विकायचा तर काय करावं लागतं?" तासभर बोलूनही काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून पहिल्या दिवसापासूनचं सगळं तारखांसकट लिहून काढते आहे. मी लातूरची. तुम्हाला फक्त घरापुरता साबण करायचा असेल तर पहिला अर्धा भाग वाचलात तरी पुरे.

सुरुवात डिसेंबर २०२२ मध्ये आत्याबाईंच्या पायांवरून झाली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. थंडी पडली की त्यांच्या नडगीवर नख ओढलं तर पाटीवर पेन्सिल ओढावी तशी पांढरी रेघ उमटायची. रात्री झोपेत खाजवून सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके. डॉक्टरांनी मलम दिलं आणि जाता जाता म्हणाले, साबण कोणता वापरता ते एकदा बघा.

आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, बाकी सगळं बोअरवर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरोघरी बोअर पडले. आमचा साडेपाचशे फुटांवर लागला. पाणी इतकं जड की हीटरच्या कॉइलवर चुन्याचा थर बसतो आणि साबणाचा फेस होण्याआधी बादलीच्या कडेला पांढरट साका धरतो. हा साका म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि साबण यांचा मिळून झालेला चिकट पदार्थ. तोच अंगावर राहतो.

त्या दिवशी घरातल्या साबणाचं वेष्टन मी पहिल्यांदा नीट वाचलं. त्यावर 'टॉयलेट सोप' नव्हतं, 'बेदिंग बार' होतं. हा फरक मला तोवर माहीतच नव्हता. भारतीय मानकांप्रमाणे टॉयलेट सोपच्या तीन प्रती आहेत, आणि त्या टीएफएमवर, म्हणजे वडीत एकूण स्निग्धांश किती यावर ठरतात: पहिल्या प्रतीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७०, तिसरीला ६०. बेदिंग बारला किमान ४० टक्के पुरतो. दुकानातली प्रत्येक वडी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. ७६ टक्क्यांच्या चांगल्या वड्याही मिळतात, फक्त मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

मला ओढ लागली ती वेगळ्याच गोष्टीची. बी.एस्सी.ला माझा रसायनशास्त्र विषय होता. तेल आणि कास्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो आणि बरोबर ग्लिसरीन सुटतं, एक किलो तेलामागे शंभर ग्रॅमच्या वर. मोठ्या कारखान्यांत हे ग्लिसरीन बहुतेक वेळा वेगळं काढून दुसऱ्या उद्योगांना विकतात. घरी केलेल्या वडीत ते जागच्या जागी राहतं आणि तेच कातडीला ओलावा धरून ठेवायला मदत करतं. शिवाय तेल कुठलं ते मला ठाऊक असणार होतं. माझे वडील, आप्पा, औसा तालुक्यात दोन एकर करडई करतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' वाण त्यांनी कित्येक वर्षं पेरलं. काट्यांमुळं करडईच्या काढणीला मजूर यायला तयार नसतात, शेजारच्या सगळ्यांनी सोडून दिली, आप्पांनी सोडली नाही. घाण्यावर काढलेलं ते तेल घरात होतंच.

महिनाभर वाचण्यात गेला. संक्रांत झाल्यावर, २२ जानेवारी २०२३ ला, मी पहिला घाट, म्हणजे एका वेळचा साबण, घातला आणि तो पाच मिनिटांत फसला. कास्टिकचं पाणी करायला मी जर्मलचं भगुनं घेतलं होतं. खडे पडले तसं पाणी फसफसून वर आलं, करडा फेस काठावरून ओघळला आणि भगुनं काळं पडलं. ॲल्युमिनियम आणि कास्टिक यांचं जमत नाही, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. नशीब, मी अंगणात होते, जवळ चूल किंवा गॅस नव्हता. त्यामुळं सगळ्यात आधी हेच सांगते: जर्मलचं भांडं नको, काचेचं नको. जाड स्टीलचं घ्या, किंवा उष्णता सोसणारं प्लास्टिकचं, ज्याच्या बुडाला ५ आकडा असतो ते. ते भांडं परत स्वयंपाकात आणू नका.

बाकीचे नियम मी साबणाच्या खोलीच्या दारावर लिहून चिकटवले आहेत. पाण्यात कास्टिक टाकायचं, कास्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या. पाणी आपोआप ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतं आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून उघड्यावर उभं राहायचं आणि वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. अंगावर थेंब उडाला तर व्हिनेगर, लिंबू काही लावायचं नाही, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं. घरात लहान मूल असेल तर डबा कुलपात ठेवा. हे काम करताना मी फोनसुद्धा आत ठेवून येते.

दुसरा घाट आठवड्यानं घातला. प्रत्येक तेलाला लागणारं कास्टिक वेगळं असतं: एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, शेंगदाणा आणि करडईला ०.१३६ च्या आसपास, एरंडेलाला ०.१२८. याचा हिशेब अंदाजानं करायचा नसतो, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवाच. आज मी जो घाट घालते तो असा: खोबरेल ४५० ग्रॅम, शेंगदाणा तेल ३५०, एरंडेल १००, करडई १००. या एक किलो तेलाला पूर्ण कास्टिक १५६ ग्रॅम लागेल, पण मी पाच टक्के कमी, म्हणजे १४८ ग्रॅमच घालते, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच उरतं आणि कास्टिक शिल्लक राहत नाही. पाणी ३०० ग्रॅम, आरओचं किंवा डिस्टिल्ड. बोअरचं घेतलं तर साका वडीतच तयार होतो.

तेल आणि कास्टिकचं पाणी कोमट झालं की एकत्र करून हँड ब्लेंडरनं घोटायचं. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं पिवळं पाणी वाटतं. मग रंग फिकट होतो, वर एक साय आल्यासारखी चमक येते, घोटताना हाताला ओढ जाणवायला लागते. पळी उचलून धार सोडली की ती आत बुडून न जाता वर रेघ होऊन राहिली, साधारण धिरड्याच्या पिठासारखी, की थांबायचं. त्या क्षणी मी तशीच उकिडवी बसून बघत राहिले. आत्याबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काय घोटायलीस गं सकाळपासून?" मी म्हटलं, "साबण." त्या जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर पिठलं दिसायलंय."

लाकडी खोक्याला आतून बटर पेपर लावून त्यात ओतलं, वर जुनं पांघरूण टाकलं. दुसऱ्या दिवशी तारेनं वड्या कापल्या. पुढचे सहा आठवडे त्या फळीवर, एकमेकींना न चिकटता, वारं लागेल अशा ठेवायच्या. हीच खरी परीक्षा. कास्टिकचं काम पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतं, पण पाणी उडून वडी घट्ट व्हायला आणि फेस मऊ व्हायला वेळ लागतो. पंधरा दिवसांच्या वडीनं आंघोळ केली तर ती आठवड्यात विरघळून जाते. पीएचची पट्टी नऊ-दहाच्या दरम्यान आली की मी समाधान मानते.

मार्च २०२३ पासून आत्याबाई ती वडी वापरू लागल्या. साबणानं खाज गेली असं मी लिहिणार नाही. मलम चालू होतं, आंघोळीनंतर ओल्या अंगाला तेल लावणंही आम्ही त्याच महिन्यात सुरू केलं होतं. पण त्या स्वतः म्हणाल्या ते सांगते: "अंग ओढल्यावानी होत नाही आता." आणि जड पाणी घरच्या साबणालाही जडच पडतं, साका यातही होतो. तो कमी करायला मी आता तेलाच्या एक टक्का सायट्रिक ॲसिड कास्टिकच्या पाण्यात विरघळवते. दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड साधारण सहा ग्रॅम कास्टिक खातं, तेवढं जास्तीचं घालावं लागतं.

एप्रिलमध्ये आप्पांच्या तेलाच्या प्रेमापोटी मी करडईचं प्रमाण चाळीस टक्क्यांवर नेलं. मे महिना आला, लातुरात पारा बेचाळीसला गेला, आणि फळीवरच्या तेवीस वड्यांवर नारिंगी ठिपके उमटले. खोली उघडली की जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. खायला ते उत्तम, पण उन्हाळ्याच्या हवेत तेच आधी खराब होतं. त्या वड्या फरशी पुसायला वापरल्या. आप्पांना सांगताना मला फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "तेल खायचं आहे बाई, घाई कशाला करतीस, थोडं थोडं घाल." तेव्हापासून शंभरात दहाच.

त्या वर्षी गौरी-गणपतीत, सप्टेंबर २०२३ मध्ये, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी एकेक वडी दिली. पंधरा दिवसांत मागणी सुरू झाली आणि मी चाळीस वड्या साठ रुपयांनी विकल्या. माझी पुतणी बी.फार्म आहे. ती घरी आली, वड्या बघितल्या आणि विचारलं, "काकू, लायसन्स काढलंस?" मला वाटलं, शंभर रुपयांच्या आतल्या घरगुती वस्तूला कसलं लायसन्स. तिनं समजावून सांगितलं. अंगाला लावायचा साबण हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली सौंदर्यप्रसाधनात मोडतो. पूर्वी व्याख्येतून साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीनं तो आत आला. करायला परवाना लागतोच, मग घरी करा की कारखान्यात, दहा वड्या करा की दहा हजार. तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतला तरी सुटका नाही. मी त्याच दिवसापासून पैसे घेणं बंद केलं. मागायला येणाऱ्यांना नाही म्हणताना जीव तुटायचा, पण तुम्हीही तसंच करा.

ऑक्टोबरात मी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० स्वतः वाचून काढले. सल्लागाराकडे जायच्या आधी हे जरूर करा. इंग्रजी किचकट आहे, पण आपल्या कामाची पानं फार नाहीत. अर्ज नमुना सीओएस-५ मध्ये करायचा, परवाना सीओएस-८ मध्ये मिळतो. तो पुन्हा पुन्हा नव्यानं काढावा लागत नाही, दर पाच वर्षांनी शुल्क भरून चालू ठेवायचा. इथपर्यंत ठीक होतं. मग जागेचं पान आलं: टॉयलेट सोपच्या छोट्या उत्पादनासाठी किमान शंभर चौरस मीटर जागेची शिफारस, शिवाय कच्चा माल, तयार माल आणि पॅकिंग साठवायला वेगळी जागा. शंभर चौरस मीटर म्हणजे १,०७६ चौरस फूट. माझी ज्या खोलीत सगळी कामं चालायची ती नऊ बाय दहाची होती.

त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी विचारलं तर नीट सांगताही येईना. दहा महिन्यांत हाताला जी गोष्ट सापडली होती, ती घराबाहेर कधी जाणारच नाही असं वाटलं.

दुसरा एक मार्ग नियमात आहे, लोन लायसन्सचा. दुसऱ्याच्या परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल करून घ्यायचा, त्याचा परवाना सीओएस-९ मध्ये मिळतो. नोव्हेंबरात मी अशा एका कारखान्यात जाऊन आले. ते एका वेळी किमान पाचशे किलोंचा माल घेणार, आणि तयार साबणाच्या शेवयांपासून वडी दाबून देणार. त्यात आप्पांचं तेलही नव्हतं आणि सहा आठवड्यांची फळीही नव्हती. तुमचं काम सुगंधी, रंगीत, दाबलेल्या वड्यांचं असेल तर मात्र हा मार्ग खर्चात बराच हलका पडेल.

डिसेंबरात भाऊजींनी गावाबाहेरच्या बंद डाळ मिलचं गोदाम दाखवलं. लातूरला तुरीची डाळ आहे तशी बंद पडलेली गोदामंही आहेत. चौदाशे चौरस फूट, भाडं साडेसहा हजार, अनामत चाळीस हजार. जानेवारी २०२४ मध्ये नोंदणीकृत भाडेकरार केला. साध्या स्टॅम्पपेपरवरच्या करारावर भागवू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी नोंदणीकृत प्रतच मागतात. जागा बघताना आतली मापं स्वतः टेपनं घ्या. मालक सांगतात ते भिंतीबाहेरचं माप असतं.

पैशांसाठी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत अर्ज केला, प्रकल्प सहा लाखांचा. ग्रामीण भागात आणि अर्जदार बाई असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा पाच टक्के. पहिल्या बँकेनं "साबण तर सगळीकडे मिळतो" म्हणून फाइल परत केली, दुसऱ्या बँकेनं मार्चमध्ये मंजूर केली. अनुदानाबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या: ते हातात मिळत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. दरम्यान जागेचं भाडं चालू झालेलं असतं. कर्ज मंजूर होईपर्यंत तीन महिने माझ्या पाटल्या गहाण होत्या.

मार्च ते मे दुरुस्ती. धुता येईल अशी फरशी, ऑइल पेंट, खिडक्यांना जाळ्या, एक्झॉस्ट पंखे, सांडपाण्याची नाली, कपडे बदलायची खोली, डोळे धुवायचा नळ. कच्च्या मालाची, घोटायची, वाळवायची, पॅकिंगची आणि तयार मालाची जागा वेगवेगळी, आणि माल एका दारानं येऊन दुसऱ्या दारानं जाईल अशी मांडणी. हे सगळं नकाशावर दाखवावं लागतं. त्याच दिवसांत उद्यम नोंदणी (आधारवर होते, एक रुपयाही लागत नाही, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका), ग्रामपंचायतीचं ना-हरकत आणि प्रदूषण मंडळाची संमती. बॉयलर नसलेलं हातानं साबण करायचं काम म्हणून माझा अर्ज हिरव्या वर्गात गेला.

७ मे २०२४ ला लातूरचं मतदान झालं. त्या आधी-नंतर कुठल्याच टेबलावर माणूस सापडणं कठीण होतं, म्हणून मी कागद पूर्ण करत बसले आणि २७ मे ला परवान्याचा ऑनलाइन अर्ज भरला. नकाशा, भाडेकरार, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल, प्रत्येक वडीतले घटक, कामाच्या पद्धतीची टिपणं, तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचं संमतिपत्र, आणि देखरेखीला पात्र माणूस म्हणून माझ्या पुतणीची कागदपत्रं. स्कॅन करताना प्रत्येक फाइलला साधं नाव आणि आकडा द्या. माझ्याकडून भाडेकराराचं शेवटचं पान सुटलं होतं, त्यात अकरा दिवस गेले.

पाहणी ११ जुलैला झाली. आदल्या रात्री मी आणि ह्यांनी गोदाम दोनदा पुसलं. दोन अधिकारी आले, तीन तास होते. प्रश्न सरळ होते, आवाज चढवून कोणी बोललं नाही. एकानं विचारलं, रोलर मिल आणि प्लॉडर कुठे आहे? नियमांतल्या यादीत ही यंत्रं आहेत, पण ती शेवयांपासून वडी दाबण्याच्या पद्धतीला लागतात. मी आधीच माझी पद्धत एका पानावर चित्र काढून लिहून ठेवली होती: तेल, कास्टिक, घोटणं, साचा, कापणं, वाळवणं. ते पान पुढे केलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि अर्जाला जोडायला सांगितलं. हातानं साबण करणाऱ्या प्रत्येकीनं असं एक पान तयार ठेवावं.

त्रुटी तीन निघाल्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. तपासणीचा अहवाल येईपर्यंत तयार माल ठेवायला वेगळी खूण केलेली जागा नव्हती. वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का नव्हता. आणि मागच्या दाराखाली बोटभर फट होती. अधिकारी खाली बसले, फटीत पेन सरकवून दाखवलं आणि म्हणाले, "एवढ्यातून उंदीर येतो, ताई." डाळ मिलच्या गोदामात उंदीर पिढ्यान्‌पिढ्या असतात, मला ते सुचायला हवं होतं. दाराला पत्रा आणि रबर, जाळीचं कपाट, काट्याचं प्रमाणीकरण, असे चौदा हजार लागले. २ ऑगस्टला फोटोंसह उत्तर पाठवलं.

मग काहीच नाही. रोज सकाळी लॉगिन करून तेच शब्द बघायचे. ऑगस्ट गेला. गोदामाचं भाडं जात होतं, फळ्या रिकाम्या होत्या. मुक्तिसंग्राम दिनानंतर तीन दिवसांनी, २० सप्टेंबर २०२४ ला, दुपारी भाकरी थापताना मेसेज आला. पिठाच्या हातानंच फोन उघडला. आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी आधी देवापुढं साखर ठेवली.

खर्च असा झाला: दुरुस्ती १,९२,०००, अनामत ४०,०००, भांडी-टेबलं-फळ्या-काटे १,३५,०००, सगळी शुल्कं, नकाशा आणि तपासण्या मिळून ४८,०००, त्रुटी १४,०००, आणि पहिल्या वर्षभराचं भाडं ७८,०००. एकूण ५,०७,०००. हे एकटीला जड आहे. आता विचार केला तर वाटतं, तीन-चार जणींनी मिळून एक जागा आणि एकच संस्था उभी करून परवाना काढला असता तर फार सोपं गेलं असतं.

लेबलाचं सांगते, कारण इथे मी चार हजार सहाशे रुपये पाण्यात घातले. उत्साहाच्या भरात मी परवान्याआधीच दोन हजार लेबलं छापली होती, 'कोरड्या त्वचेची खाज बरी करतो' असं लिहून. रोग बरा करण्याचा दावा केला की ती वस्तू कायद्यानं सौंदर्यप्रसाधन न राहता औषध ठरते. पुतणीनं वाचताच सगळा गठ्ठा बाजूला काढला. आता लेबलावर एवढंच असतं: नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरायचा ते, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन. वेष्टनातल्या वस्तूंच्या नियमांखाली वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणीही करावी लागते, तिचं शुल्क पाचशे रुपये.

निव्वळ वजनावर तर मी पंधरा दिवस घालवले. ताजी कापलेली ११८ ग्रॅमची वडी सहा आठवड्यांनी १०४ ची होते, उन्हाळ्यात १०२ ची, आणि दुकानात पडून राहिली तर आणखी उतरते. म्हणून मी वहीत प्रत्येक घाटातल्या पाच वड्यांवर आकडे टाकून दर रविवारी वजन लिहीत गेले. आता कापायलाच १२० धरते आणि लेबलावर ९५ ग्रॅम लिहिते. कमी लिहिलेलं चालतं, कमी भरलेलं चालत नाही.

परवान्यानंतरचा पहिला घाट २३ सप्टेंबरला घातला. नोव्हेंबरात प्रयोगशाळेचा अहवाल आला. मोकळं कास्टिक मर्यादेच्या आत, टीएफएम ७४, म्हणजे दुसरी प्रत. ७६ ला दोन कमी म्हणून क्षणभर वाईट वाटलं. मग कागदावर हिशेब मांडला. टीएफएममध्ये फक्त स्निग्धांश धरतात. माझ्या वडीच्या वजनात ग्लिसरीनही आहे, ते मी काढून घेतलेलं नाही, आणि तेवढ्या प्रमाणात स्निग्धांशाचा टक्का खाली दिसतो. तेव्हापासून कोणी विचारलं की मी टीएफएम आणि ग्लिसरीन, दोन्ही आकडे सांगते.

१ डिसेंबर २०२४ ला पहिल्या साठ वड्या विकल्या, नव्वद रुपयांना एक. तेलाचा खर्च तेव्हा वडीमागे बावीस रुपये होता. २०२५ मध्ये खोबरेल जवळपास दुप्पट झालं आणि किंमत एकशे दहावर न्यावी लागली. खोबरेल कमी करून दुसरं तेल घालावं असं मनात आलं होतं. पण घटक बदलले की लेबल बदलतं, नवीन वस्तू परवान्यात वाढवून घ्यावी लागते, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वडी मऊ पडते. तशीच ठेवली. महिन्याला साधारण चारशे वड्या जातात. कर्जाचा हप्ता निघतो, दोन बायकांचा पगार निघतो, माझ्या हातात अजून फार उरत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात गोदामाला ओल आली, वड्यांना घाम फुटल्यासारखे थेंब धरले. ते ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं त्याचे थेंब, वडी खराब झालेली नसते, पण कागद चिकटतो. त्या महिन्यात एकही वडी बाहेर दिली नाही. आप्पांचं सोयाबीन पाण्यात गेलं. खालच्या अंगाची माती वाहून गेली, वरचा दीड एकर तेवढा वाचला. ऑक्टोबर संपता संपता वाफसा आल्यावर त्यांनी त्यात करडई पेरली. परवा जाऊन बघून आले. रोपं चार बोटं वर आली आहेत, अजून काटे धरले नाहीत. तेल यायला मार्च उजाडेल. तोवर मागच्या वर्षीचं अकरा किलो शिल्लक आहे, आणि शंभरात दहाच लागतं.